विमानाच्या द्विमार्गी रेडिओ संभाषणातील नित्याच्या संज्ञा

हिंदी चित्रपटात वैमानिक दाखवायचा असला की त्याच्या तोंडी 'रॉजर' आणि 'ओव्हर अँड आउट' हे शब्द हमखास घातले जातात. प्रेक्षक 'रॉजर'चा अर्थ 'होय' असा घेतात. दुसरी जोडी तर स्वतःलाच छेद देणारी आहे. कारण 'ओव्हर' म्हणजे 'माझे बोलणे झाले, आता उत्तराची वाट पाहतो' आणि 'आउट' म्हणजे 'संभाषण संपले, उत्तर नको'. दोन्ही एकदम म्हणणे म्हणजे पाहुण्याला एकाच वाक्यात 'या' आणि 'जा' म्हणण्यासारखे आहे. पडद्यावर त्याने कोणाचे काही बिघडत नाही. प्रत्यक्ष विमानात मात्र प्रत्येक शब्दाला एकच अर्थ ठरवून दिलेला असतो आणि त्यातले काही अर्थ मोठ्या अपघातांनंतर ठरले आहेत. विमानतळ सेवा, प्रवासी सेवा यांसारख्या अभ्यासक्रमांना शिकवणाऱ्या, तसेच भाषा शिकवणाऱ्या प्राध्यापकांना उपयोगी पडतील अशा काही संज्ञांची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

माध्यमाचे स्वरूप

विमान आणि नियंत्रण कक्ष यांच्यातील नेहमीचे बोलणे अतिउच्च वारंवारतेच्या म्हणजे व्हीएचएफ लहरींवर, सुमारे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. या लहरी सरळ रेषेत जातात. त्यामुळे पस्तीस हजार फुटांवरील विमानाशी साधारण साडेतीनशे ते चारशे किलोमीटरपर्यंत बोलता येते. त्यापलीकडे पृथ्वीची वक्रता आड येते. अरबी समुद्रावरून जाणाऱ्या विमानांसाठी म्हणूनच एचएफ लहरींचा वापर होत आला आहे. त्या वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन दूर जातात, परंतु त्यांत खरखर फार असते.

या संभाषणाला द्विमार्गी म्हणत असले तरी ते टेलिफोनसारखे नसते. एका वेळी एकालाच बोलता येते. बटण दाबून धरायचे, बोलायचे, बटण सोडायचे आणि मग ऐकायचे. त्या वारंवारतेवरील सर्व विमाने तेच ऐकत असतात. दोघांनी एकदम बटण दाबले तर ऐकणाऱ्यांच्या कानी शब्दांऐवजी कर्कश शिट्टी येते. संगीतासाठी एफएम उत्तम ठरलेले असतानाही विमानांनी जुनी एएम पद्धत सोडली नाही, यामागील एक कारण हेच आहे. एफएममध्ये जोरकस संदेश दुबळ्या संदेशाला पूर्ण गिळतो आणि दुसरा कोणी बोलत होता याचा पत्ताही लागत नाही. एएममध्ये निदान काहीतरी दडपले गेले एवढे कळते. मात्र काय दडपले गेले हे शिट्टीवरून कळत नाही, आणि त्याची किंमत किती असू शकते ते पुढे येईलच.

पोच, होकार आणि हमी

'रॉजर' या शब्दाचा उगम जुन्या वर्णमालेत आहे. संदेश मिळाल्याची पोच देण्यासाठी इंग्रजी 'आर' हे अक्षर वापरत आणि त्या काळच्या उच्चारमालेत 'आर'साठी 'रॉजर' हे नाव होते. आज वर्णमाला बदलली आहे, तरी शब्द राहिला. त्याचा अर्थ 'आपला संदेश मला पूर्ण मिळाला' एवढाच. त्यात होकार नाही, संमती नाही, आज्ञापालनाचे वचनही नाही. 'विल्को' हा त्याच्या पुढचा शब्द आहे : संदेश समजला आणि तसे करीन. केवळ 'होय' म्हणायचे असल्यास 'अफर्म', 'नाही' म्हणायचे असल्यास 'निगेटिव्ह' आणि सांगितलेले करणे शक्य नसल्यास 'अनेबल'. 'अफर्मेटिव्ह' हे पूर्ण रूप आंतरराष्ट्रीय पद्धतीत टाळले जाते, कारण खरखरीत आरंभीचा भाग कापला गेला तर उरलेली 'टिव्ह'ची शेपटी 'निगेटिव्ह'चीही असू शकते. होकार आणि नकार यांचे शेवट सारखे असणे या माध्यमाला परवडत नाही.

पोच, होकार आणि हमी या तीन गोष्टी आपल्या रोजच्या बोलण्यात सरमिसळ झालेल्या असतात. उर्दूतील 'जी' घ्या. 'जी' म्हणजे होय, 'जी' म्हणजे ऐकतो आहे, चढा सूर लावला तर 'जी?' म्हणजे काय म्हणालात, आणि नावापुढे आला तर केवळ आदर. मराठीत फोनवर बोलताना आपण 'हं', 'बरं', 'हो हो' म्हणत राहतो. त्यातले किती 'हो' खरोखर कबुलीचे असतात हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. समोरचा माणूस, त्याचा चेहरा आणि पुन्हा विचारण्याची सवड या आधारावर असे शब्द चालतात. तीनशे प्रवासी घेऊन उतरणाऱ्या विमानाला यांपैकी एकही आधार नसतो. म्हणून 'जी'चे हे अर्थ तेथे 'रॉजर', 'विल्को', 'अफर्म' आणि 'से अगेन' अशा वेगवेगळ्या शब्दांत वाटून दिलेले आहेत. 'स्टँडबाय' म्हणजे थांबा, मीच तुम्हाला बोलावीन. त्यात मंजुरीही नाही आणि नकारही नाही. परवानगी मागितल्यावर 'स्टँडबाय' ऐकू आले म्हणजे ती जवळजवळ मिळालीच, असा अर्थ काढण्याचा मोह नवशिक्या वैमानिकाला होतो असे प्रशिक्षक सांगतात.

'रॉजर' जेथे पुरेसा नसतो तेथे 'रीडबॅक' लागतो. महत्त्वाची सूचना ऐकणाऱ्याने जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, याला रीडबॅक म्हणतात. धावपट्टीवर येणे, ती ओलांडणे, तिच्या अलीकडे थांबणे, उड्डाण, अवतरण, उंची, दिशा, वेग, वायुदाबाचा आकडा यांबाबतच्या सूचना परत म्हणाव्याच लागतात. उदाहरणार्थ, मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून नियंत्रकाने 'रनवे टू सेव्हन, क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ' म्हटले तर वैमानिक हेच शब्द परत म्हणतो आणि शेवटी आपल्या विमानाचे संकेतनाम जोडतो. संकेतनाम महत्त्वाचे आहे, कारण सूचना एका विमानाला आणि अंमलबजावणी दुसऱ्याची असेही घडू शकते. वाऱ्याची माहिती वगैरे गोष्टींना नुसते 'रॉजर' चालते. मदरशात किंवा जुन्या पाठशाळेत गुरूने म्हटलेले शिष्याने म्हणून दाखवायचे आणि गुरूने चूक पकडायची, ही रीत आपल्याला परिचित आहे. येथेही तेच अपेक्षित असते. नियंत्रकाने रीडबॅक कान देऊन ऐकला नाही तर सारी खटपट वाया जाते.

अक्षरे आणि अंक

मराठी माणूस फोनवर 'श' सांगताना 'शहामृगातला श' म्हणतो, 'ष'ला 'पोटफोड्या' म्हणतो. उर्दू शिकवताना 'बडी हे' आणि 'छोटी हे', 'सीन' आणि 'स्वाद' असे वेगळे सांगावे लागते. बी, डी, पी, टी ही इंग्रजी अक्षरे रेडिओवर याहून वाईट रीतीने गोंधळतात. म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, प्रत्येक अक्षराला एक शब्द दिला. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा अशी ही माला आजच्या रूपात १९५६ पासून वापरात आहे. भाषाशिक्षकांनी तिच्या वर्णलेखनाकडे जरूर पाहावे. 'अल्फा' येथे 'पीएच' न लिहिता 'एफ' लिहितात, कारण 'पीएच'चा उच्चार 'फ' होतो हे सर्व भाषिकांना ठाऊक नसते. 'ज्युलिएट'च्या शेवटी दोन 'टी' लिहितात, नाहीतर फ्रेंच भाषक शेवटचा 'टी' उच्चारणारच नाही. इंग्रजी शब्द इंग्रज नसलेल्यांच्या जिभेचा विचार करून लिहिल्याची अशी उदाहरणे थोडीच सापडतील.

अंकांचेही तसेच. तीनला 'ट्री', चारला 'फोवर', पाचला 'फाइफ', नवाला 'नाइनर' म्हणायचे असे ठरलेले आहे. 'फाइव्ह' आणि 'नाइन' हे दोन्ही शब्द एकाच स्वरावर उभे असल्याने खरखरीत एकसारखे वाटतात. मोठ्या संख्या बहुधा एकेक अंक सुटा करून सांगतात. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी किंवा उनसठ, उनहत्तर यांत अडखळणाऱ्या विद्यार्थ्यांना या नियमाची सोय चटकन पटेल.

तथापि सुटे अंक नेहमीच सुरक्षित असतात असे नाही. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी फ्लाइंग टायगर कंपनीचे मालवाहू बोईंग ७४७ सिंगापूरहून क्वालालंपूरच्या जुन्या सुबांग विमानतळाकडे येत होते. नियंत्रकाने त्याला २,४०० फुटांपर्यंत उतरण्यास सांगितले. शब्द होते 'डिसेंड टू फोर झिरो झिरो'. इंग्रजीत 'दोन' हा अंक आणि 'पर्यंत' हे अव्यय यांचा उच्चार एकच आहे. वैमानिकांनी 'टू' हे अव्यय मानले आणि उंची चारशे फूट समजली. त्यांनी 'फोर झिरो झिरो' असे परत म्हटलेही, पण ती चूक पकडली गेली नाही. विमान टेकडीवर आदळले आणि त्यातील चौघेही मरण पावले. उंची सांगताना पूर्ण हजार आणि पूर्ण शेकडे त्याच शब्दांनी सांगावेत, म्हणजे 'टू थाउझंड फोर हंड्रेड' म्हणावे, हा दंडक येथे पाळला असता तर अव्ययाला जागाच उरली नसती.

'टेक-ऑफ' हा राखीव शब्द

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरिफे बेटावरील लॉस रोडेओस या छोट्या विमानतळावर दोन बोईंग ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण मरण पावले. विमान वाहतुकीच्या इतिहासात विमानांच्या टकरीत इतके मृत्यू पुन्हा झालेले नाहीत. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बाँबस्फोट झाल्याने ही विमाने तेथे वळवली होती. जागा अपुरी होती, धुके दाट होते आणि नियंत्रकाला धावपट्टी दिसत नव्हती. हॉलंडच्या केएलएम कंपनीचे विमान एका टोकाला उड्डाणासाठी उभे होते आणि अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीचे विमान त्याच पट्टीवरून चालत येत होते.

केएलएमला मिळालेली परवानगी हवेत गेल्यावर कोणत्या मार्गाने जायचे याची होती. परंतु तिच्यात 'टेक-ऑफ'नंतर उजवीकडे वळावे, असा शब्दप्रयोग होता. सहवैमानिकाने ती परत म्हटली आणि शेवटी 'आम्ही आता ॲट टेक-ऑफ आहोत' अशा अर्थाचे शब्द उच्चारले. नियंत्रकाने त्याचा अर्थ 'उड्डाणाच्या जागी उभे आहोत' असा घेतला. विमान प्रत्यक्षात धावू लागले होते. डच भाषेत क्रिया चालू असल्याचे सांगण्यासाठी स्थलवाचक शब्दाची रचना वापरतात आणि सहवैमानिकाने नकळत तीच रचना इंग्रजीत आणली असावी, असे भाषाभ्यासकांनी दाखवले आहे. मराठीत 'तो कामावर आहे' या वाक्यातून माणूस कामाच्या ठिकाणी आहे आणि काम करतो आहे, असे दोन्ही अर्थ निघतात, तसेच हे.

नियंत्रक प्रथम 'ओके' म्हणाला आणि क्षणभराने 'स्टँडबाय फॉर टेक-ऑफ, मी बोलावीन' अशी भर घातली. नेमक्या त्याच वेळी पॅन ॲमचा वैमानिक 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' हे सांगू लागला. दोन्ही संदेश एकमेकांवर पडले. केएलएमच्या कक्षात 'ओके' स्पष्ट पोहोचला आणि पुढे शिट्टी ऐकू आली. पट्टी मोकळी झाली की कळवीन, असे पॅन ॲमने नंतर म्हटल्याचे ऐकून केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने शंका बोलून दाखवली होती. मुख्य वैमानिकाने ती बाजूला सारली. तो कंपनीचा अत्यंत ज्येष्ठ वैमानिक व प्रशिक्षक होता. कनिष्ठाने एकदा विचारले आणि ज्येष्ठाने ठामपणे उत्तर दिले, की आपल्याकडेही पुढे कोणी बोलत नाही. या अपघातात शब्दांइतकाच दोष या अदबीचाही आहे.

या अपघातानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द राखीव झाला. उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच तो उच्चारायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचे. 'उड्डाणासाठी तयार आहोत' हे सांगतानाही वैमानिक 'रेडी फॉर डिपार्चर' म्हणतो. धावपट्टीवर येऊन उभे राहण्याची आज्ञा 'लाइन अप अँड वेट' अशी असते. 'ओके'ला या कोशात स्थान नाही. तरीही तो अधूनमधून ऐकू येतो, कारण सवय नियमापेक्षा चिवट असते.

संकटाचे शब्द

'मेडे' या शब्दाचा मे महिन्याशी किंवा दिवसाशी संबंध नाही. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरील रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी तो १९२०च्या दशकात सुचवला. तेथील बरीच वाहतूक पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळाशी होती, म्हणून इंग्रज आणि फ्रेंच दोघांनाही कळेल असा शब्द हवा होता. 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून तो घेतला. तो सलग तीन वेळा उच्चारतात, म्हणजे कोणी ओझरता उल्लेख केला आणि कोणी खरोखर हाक मारली यांत गफलत होत नाही. जिवाला तत्काळ धोका नसलेल्या, पण तातडीच्या प्रसंगी 'पॅन-पॅन' तीनदा म्हणतात. त्याचे मूळही फ्रेंचमध्ये, बिघाड या अर्थाच्या शब्दात आहे. 'मेडे' उच्चारला की त्या वारंवारतेवरील इतरांनी गप्प राहायचे असते.

हा शब्द न उच्चारल्याने काय होते ते २५ जानेवारी १९९० रोजी दिसले. कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे ५२ क्रमांकाचे उड्डाण न्यूयॉर्कला येताना खराब हवामानामुळे तीनदा आकाशात घिरट्या घालत थांबवले गेले. हा एकूण वेळ सव्वा तासाच्या वर होता. इंधन संपत आले होते. सहवैमानिकाने 'प्रायॉरिटी' हवी असे सांगितले, इंधन संपत असल्याचेही सांगितले. पण 'इमर्जन्सी' किंवा 'मेडे' हे शब्द त्याच्या तोंडून गेले नाहीत. मुख्य वैमानिक त्याला स्पॅनिशमध्ये संकट जाहीर करायला सांगत होता आणि आपण ते सांगितले आहे असेच सहवैमानिकाला वाटत होते. नियंत्रकांच्या कानाला मात्र ते गर्दीच्या रात्री सगळेच करतात तसली विनंती वाटली. चारही इंजिने बंद पडून विमान लाँग आयलंडवर कोसळले. १५८ पैकी ७३ जण गेले. पुढे २०१२ मध्ये आयकाओने यासाठी नेमके शब्द ठरवून दिले. आणखी विलंब झाला तर राखीव इंधनाला हात लावावा लागेल अशी स्थिती असल्यास 'मिनिमम फ्युएल' आणि उतरताना ठरलेल्या राखीव इंधनापेक्षा कमी इंधन उरणार असे दिसत असेल तर 'मेडे मेडे मेडे फ्युएल'. संकटात नम्रपणे विनंती करणाऱ्यांसाठी, आणि आपल्या समाजात असे लोक पुष्कळ आहेत, हा नियम फार उपयोगाचा आहे.

न बोलता सांगण्याचीही सोय आहे. विमानातील ट्रान्सपाँडर या यंत्रावर चार अंकी संकेत लावतात, त्याला 'स्क्वॉक' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात शत्रू-मित्र ओळखणाऱ्या यंत्राचे गुप्तनाव 'पॅरट' म्हणजे पोपट होते; पोपटाचे ओरडणे म्हणजे 'स्क्वॉक'. ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ बंद आणि ७७०० म्हणजे आणीबाणी. रेडिओ पूर्ण बंद पडलाच तर विमानतळाच्या मनोऱ्यावरून प्रकाशाने खूण करतात. हवेतील विमानासाठी स्थिर हिरवा दिवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घाला.

भाषेची पातळी

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी अरेबियन एअरलाइन्सचे दिल्लीहून निघालेले विमान आणि कझाकस्तानहून येणारे विमान यांची हवेत टक्कर होऊन ३४९ जण मरण पावले. सौदी विमानात रोजीरोटीसाठी निघालेले भारतीय मोठ्या संख्येने होते. सौदी विमानाला १४ हजार फुटांवर आणि कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहण्यास सांगितले होते. कझाक विमान त्याखाली उतरले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत याच गोष्टीवर बोट ठेवले गेले आणि कर्मचाऱ्यांचे कच्चे इंग्रजी हेही कारणांत मोजले गेले. जुन्या सोव्हिएत पद्धतीप्रमाणे त्या विमानात नियंत्रकाशी वैमानिक बोलत नव्हता, वेगळा रेडिओ ऑपरेटर बोलत होता आणि त्याच्यासमोर स्वतःचे उंचीदर्शक यंत्र नव्हते. सूचना विमानापर्यंत पोहोचली होती. विमान चालवणाऱ्यांपर्यंत ती कशी आणि किती पोहोचली, हा खरा प्रश्न होता. यानंतर भारताने विमानांत टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे केले आणि दिल्लीत येण्याजाण्याचे मार्ग वेगळे केले.

आयकाओने २००३ मध्ये वैमानिक व नियंत्रक यांच्यासाठी भाषेच्या सहा पातळ्या ठरवल्या. हा नियम मार्च २००८ पासून लागू झाला. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी किमान चौथी पातळी लागते आणि तिची परीक्षा तीन वर्षांनी पुन्हा द्यावी लागते. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा अंगांनी गुण दिले जातात; जेथे सर्वांत कमी, तीच एकूण पातळी धरतात. उच्चारात मातृभाषेची छाप असली तर चालते. अट एवढीच की ऐकणाऱ्याला कळण्यात अडथळा येऊ नये. आपले इंग्रजी 'देशी' वाटते म्हणून मागे राहणाऱ्या विद्यार्थ्याला ही तरतूद आवर्जून सांगण्यासारखी आहे. उलट, इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा भरधाव वेग आणि बोलीतील वाक्प्रचार ही या वारंवारतांवरील जुनी तक्रार आहे.

गोव्यात दाबोळीला नौदलाचे नियंत्रक बोलतात, ग्वाल्हेरला हवाई दलाचे, मोपा आणि इंदूरला भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे. शब्द सर्वत्र तेच. आता समुद्रावरील विमानांशी मुंबई आणि चेन्नईचे नियंत्रक पुष्कळदा लेखी संदेशानेच बोलतात. विमानाच्या पडद्यावर सूचना उमटते आणि वैमानिक बटण दाबून उत्तर देतो. ती उत्तरेही ठरलेली आहेत : विल्को, अनेबल, स्टँडबाय, रॉजर, अफर्म आणि निगेटिव्ह.